आराखड्याला घड्याळ नसतं

'माझ्या स्वप्नातील शहर' या विषयावरची चित्रं तपासायला मला अधूनमधून कुणी ना कुणी बोलावतं. आर्किटेक्ट बाई, गावातल्याच, मानधनही मागत नाहीत, मग बोलवायला काय जातं? मी हौसेने जाते. पण एक गठ्ठा बघितला की पुढच्या वर्षीचाही बघून झालेला असतो. कोपऱ्यात अर्धा सूर्य, मधोमध उड्डाणपूल, त्यावरून मेट्रो, दोन्ही कडांना फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी झाडं आणि खाली 'झाडे लावा, झाडे जगवा'. आमच्या गावात अजून एसटी वेळेवर येत नाही, पण चित्रात मेट्रो हमखास धावते.

या चित्रांत नसतं काय, ते बघायला मला जास्त आवडतं. उघडं चेंबर नसतं. शाळेच्या कोपऱ्यावरचं देशी दारूचं दुकान नसतं. वळणावर हॉर्न न वाजवता येणारा डंपर नसतो, आणि बहुतेक चित्रांत माणूसही नसतो. मुलांना हे दिसत नाही असं कुणी म्हणू नये. त्यांना सगळं दिसतं. स्पर्धेत मोठ्यांना काय आवडतं, हेही त्यांना चौथीपासूनच ठाऊक असतं, आणि बक्षीस तेच देणार असतात.

रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ साली युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्याआधी १९६९ साली शेरी आर्न्स्टाइन यांनी नागरिकांच्या सहभागाची अशीच शिडी मांडली होती, तिच्यावरून. खालच्या तीन पायऱ्यांना सहभाग म्हणायलाच हार्टने नकार दिला. पहिली पायरी मुलांना पुढे करून आपलं काम साधून घेण्याची, दुसरी त्यांना शोभेला उभं करण्याची, तिसरी नावापुरतं विचारण्याची. मी मनातल्या मनात आपल्याकडचे कार्यक्रम या शिडीवर बसवून पाहिले. स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की उन्हात घोषणा देत फिरणारी चौथीची पोरं पहिल्या पायरीवर. आमची चित्रकला स्पर्धा दुसऱ्या. 'एक दिवसाचा नगराध्यक्ष' होऊन खुर्चीत बसलेला, फोटो झाल्यावर उठवलेला मुलगा तिसऱ्या. चौथ्या पायरीवर बसवण्याजोगं मला बराच वेळ काही सापडेना.

आपल्याकडे शहराचं नियोजन प्रत्यक्षात ज्या कागदावर होतं, तो कागद म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली तो तयार होतो, आणि एकदा झाला की साधारण वीस वर्षं आपल्या मानेवर बसतो. कुठला रस्ता किती रुंद होणार, कुठल्या गटात शाळा, कुठे दवाखाना, कुठे खेळाचं मैदान, हे त्यात ठरतं. आज पाचवीत असलेला मुलगा त्या आराखड्याची मुदत संपेल तेव्हा तिशीत असेल. म्हणजे हा कागद सर्वांत जास्त ज्याला लागू होणार, त्याला सोडून सगळ्यांना विचारलं जातं.

त्यातल्या मैदानाचा हिशेब तर बघण्यासारखा आहे. आराखड्यात एखाद्या खासगी जमिनीवर मैदानाचं आरक्षण पडलं आणि दहा वर्षांत पालिकेने ती जमीन घेतली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर पालिकेला २४ महिन्यांची मुदत. तेवढ्यात काही हाललं नाही की आरक्षण रद्द. दहा आणि दोन बारा. सहा वर्षांच्या मुलीसाठी राखलेलं मैदान आपल्याला मिळणार होतं की नव्हतं, हे तिला अठराव्या वर्षी कळतं. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे नसणार. त्यांच्या डोळ्यांसमोर जमीनमालक होता आणि पालिकेची तिजोरी होती. पण खेळायचं वय कुणासाठी थांबत नाही.

मत द्यायला अठरा पूर्ण हवीत, पालिकेला उभं राहायला एकवीस. तेही निवडणूक झाली तर. मुंबई-पुण्याच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचं मतदान जानेवारी २०२६ मध्ये झालं. मधल्या काळात प्रशासकांचा कारभार. त्या मार्चमध्ये अठरा पूर्ण केलेल्या पुण्यातल्या मुलीला आपला पहिला नगरसेवक निवडायला एकविशी उलटावी लागली. तोवर ती स्वतःच उभी राहायला पात्र झाली होती.

मात्र याच १९६६ च्या कायद्यात एक फट आहे, आणि ती मला फार आवडते. प्रारूप आराखडा जाहीर झाला की त्यावर हरकती आणि सूचना मागवतात. त्या 'कोणत्याही व्यक्तीने' लेखी द्याव्यात, असं कायदा म्हणतो. मालकाने नाही, मतदाराने नाही, अठरा वर्षांवरच्याने तर मुळीच नाही. कोणत्याही व्यक्तीने. पुण्याच्या २०१३ सालच्या प्रारूप आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या होत्या. त्यांत शाळकरी पोरांच्या असल्याच तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतील, असा माझा अंदाज आहे.

आमच्या गावाचा सुधारित प्रारूप आराखडा जाहीर झाला, तेव्हा ही फट वापरून बघू असं माझ्या आणि एका शाळेतल्या भूगोलाच्या सरांच्या डोक्यात आलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण उद्या मला त्याच कार्यालयातून घरांचे नकाशे मंजूर करून घ्यायचे आहेत. आराखड्याचे आमच्या भागाचे भाग-नकाशे मी प्लॉटरवर मोठे काढून घेतले आणि शाळेच्या हॉलमध्ये फरशीवर चिकटपट्टीने जोडले. आठवी-नववीची मुलं चपला काढून त्यावर गुडघ्यांवर रांगत होती. पहिला अर्धा तास नियोजन वगैरे काही नाही. प्रत्येकजण स्वतःचं घर शोधत होता. मग मामाचं घर, मग 'ही' कुठे राहते, त्यावरून हशा. सर वैतागले. मी म्हटलं, शोधू द्या, नकाशा वाचायला माणूस असाच शिकतो.

मग एकाने विचारलं, "मॅडम, आपलं ग्राउंड कुठंय?" ग्राउंड म्हणजे शाळेमागची मोकळी जागा. संध्याकाळी तिथे एकाच वेळी तीन क्रिकेट सामने चालतात आणि कुठला चेंडू कुणाचा हे ज्याचं त्याला कळतं. नकाशात ती जागा पिवळी होती, म्हणजे रहिवास विभाग. खेळाचं मैदान म्हणून हिरवं दाखवलेलं आरक्षण होतं थेट जुन्या खाणीजवळ. पावसाळ्यात तिथे दोन पुरुष पाणी असतं, आणि उरलेल्या वर्षभर आयांनी पोरांना तिकडे न फिरकण्याची ताकीद दिलेली असते. हे ठरवणाऱ्याने वाईट हेतूने ठरवलं असेल असं मला वाटत नाही. उपग्रहाच्या चित्रात खाण म्हणजे मोकळी जमीन दिसते. सरकारी जमीन असेल तर फारच बरं, संपादनाचे पैसे वाचतात.

नंतर आम्ही मुलांना रंगीत खडू दिले. जिथून जाता तो रस्ता हिरवा, जिथून जायचं टाळता तो लाल, एवढीच सूचना. मुलगे पाच मिनिटांत मोकळे झाले. मुली मात्र खडू हातात धरून नुसत्याच बसलेल्या. नववीतली एक म्हणाली, "मॅडम, कधीचं रंगवायचं? सकाळी ही गल्ली हिरवी आहे, संध्याकाळी लाल." दुसरी म्हणाली, बाजाराच्या दिवशी उलट, त्या दिवशी गर्दी असते म्हणून संध्याकाळीही हिरवी. तिसरीने सांगितलं, गोडाऊनमागच्या बोळातला दिवा गेला की ती हायवेच्या सर्व्हिस रोडने लांबून क्लासला जाते. घरी हे सांगितलेलं नाही, सांगितलं तर क्लासच बंद होईल.

वीस-बावीस वर्षं मी आराखडे हाताळते आहे. झोन, सेटबॅक, रस्तारुंदी, एफएसआय, सगळं त्यात असतं. किती वाजता, हे नसतं. कुठलीही गल्ली नकाशात दिवसभर नऊ मीटरचीच असते. ती सातनंतर काहींसाठी बंद होते, पहिल्या पावसात सगळ्यांसाठी बंद होते आणि शाळा सुटताना वीस मिनिटं मुंगीलाही शिरू देत नाही, हे कागदावर उमटतच नाही. मोठ्या माणसांनाही ते नीटसं ठाऊक नसतं. आम्ही गाडीवर असतो, गल्ली आवडली नाही तर दुसरीने जातो. गाव पायी आणि सायकलवर, रोज त्याच त्या वेळेला मोजणारा वर्ग एकच, शाळा-कॉलेजातली पोरं. मुलांना सहभागी करून घ्या, ती 'उद्याचे नागरिक' आहेत, असं भाषणांत म्हणतात, तेव्हा मला म्हणूनच चिडचिड होते. उद्याचं कशाला? त्यांच्याकडे आजची माहिती आहे आणि ती दुसऱ्या कुणाकडेच नाही.

आमच्या गटात सकाळी पेपर टाकणारा एक मुलगा होता. वर्गात शेवटच्या बाकावरचा. गटारं कुठे तुंबतात हे त्याने नकाशावर बोट ठेवून एका दमात दाखवलं, आणि वर हेही सांगितलं की अमुक चौकात पाणी पावसाचं नसतं, टाकी भरून वाहते त्याचं असतं. पहाटे साडेपाचला तिथे तोच असतो ना. त्या दिवशी सरांनी त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारलेली मी ऐकली.

मुलींचं आणि मैदानाचं गणित जगात सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच असावं. व्हिएन्नात १९९० च्या दशकात पालिकेने उद्यानांत कोण येतं याचा अभ्यास केला, तर साधारण नऊ वर्षांनंतर मुली दिसेनाशा होतात आणि मुलगे तिथेच राहतात, असं आढळलं. एकच मोठी मोकळी जागा ठेवली की ती सर्वांत दांडगट गटाच्या ताब्यात जाते. मग १९९९ च्या सुमारास तिथली दोन उद्यानं बदलली. जागेचे तुकडे पाडले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, वाटा वाढवल्या. मुली परत आल्या. आमच्या मुलींनी व्हिएन्नाचं नाव ऐकलेलं नाही, पण त्यांनी सुचवलं ते जवळपास हेच. मैदानाला दोन फाटकं ठेवा, एक मुख्य रस्त्याच्या बाजूला. क्रिकेटला जाळी लावा. आणि बसायला कट्टा द्या, कारण आम्हाला दर वेळी खेळायचंच असतं असं नाही, नुसतं बसायचंही असतं. या शेवटच्या मागणीवर मुलगे हसले. आमच्याकडे कट्टा मुलग्यांचा असतो आणि मुलींनी 'कामाशिवाय' थांबायचं नसतं, हे चौदा वर्षांच्या मुलग्यांनाही पक्कं शिकवून झालेलं होतं.

म्हणूनच मुलं निरागस असतात, ती खरं तेच बोलतात, वगैरे गोड कल्पनांच्या मी वाटेला जात नाही. आमच्या यादीत मॉल होता, थिएटर होतं, पिझ्झाचं दुकान होतं. नाल्यापलीकडच्या वस्तीतली पोरं 'आपल्या' ग्राउंडवर नकोत, असंही एकाने लिहिलं होतं, आणि अक्षर त्याचं असलं तरी वाक्य घरातल्या मोठ्यांचं होतं. मोठ्या मुलांना लहान नको होते. आणखी एक धोका वेगळाच. भावी नगरसेवक म्हणून बॅनरवर झळकणाऱ्या एका गृहस्थांनी या मुलांसोबत फोटो काढायची तयारी दाखवली. सरांनी चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. गावात राहायचं तर एवढं करावं लागतं.

उतार किती, पाणी कुठे वळणार, जमीन घ्यायला पैसा किती लागेल, हे मुलांना येत नाही आणि त्यांच्याकडून मागूही नये. ते नगररचनाकाराचं काम आहे, त्यासाठी तो शिकलेला आहे. मैदान कुठे असावं हे मुलांनी ठरवावं असं माझं म्हणणंच नाही. ते खाणीत नको, हे मात्र त्यांच्याइतक्या खात्रीने कुणी सांगू शकलं नसतं.

हरकत लिहिणं हा एक सोहळाच झाला. औपचारिक पत्र मराठीच्या अभ्यासक्रमात असतंच, त्यामुळे 'प्रति', 'विषय', 'महोदय' हे सगळं जागच्या जागी. एका पठ्ठ्याने सवयीने पाठवणाऱ्याचं नाव 'अ. ब. क.' असं लिहिलं. त्याला खरं नाव लिहायला सांगितलं तर बिचकला. "माझं? खरंच?" परीक्षेत खरं नाव लिहिलं तर गुण जातात ना. अर्ज घेऊन आवक-जावकला गेलो, तर तिथल्या बाबूने विचारलं, शाळेचा प्रकल्प आहे का, मग सह्या शिक्षकांच्याच घ्या. मी कायद्यातलं 'कोणतीही व्यक्ती' दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं, आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि प्रत्येक प्रतीवर पोहोचेचा शिक्का मारून दिला. तो शिक्का मुलं बराच वेळ बोटाने चाचपत होती.

सुनावणी ऐन शाळेच्या दिवशी सकाळी अकराला. बाहेर बाकांवर धोतर-टोपीतले शेतकरी, सफारीतले बिल्डर, काखेत फायली धरलेले वकील, आणि त्यांत गणवेशातली ही पोरं. आतल्या साहेबांचा पहिला प्रश्न होता, "बाळ, तुमची जमीन जाते का यात?" यात त्यांचा दोष नाही. समोर येणारा जवळजवळ प्रत्येकजण जमीन जाते म्हणूनच आलेला असतो, सगळी पद्धतच त्या गृहीतावर उभी आहे. मुलगी म्हणाली, "नाही सर, आम्ही तिथे खेळतो." साहेब क्षणभर थांबले. मग त्यांनी खाणीचे फोटो मागून घेतले, तारखा विचारल्या, बाजूच्या अधिकाऱ्याला जागा पाहून यायला सांगितलं. आमच्या आधीच्या वकिलाला मिळाला त्यापेक्षा पोरांना अंमळ जास्तच वेळ मिळाला. आराखडा पुढे शासनाकडे गेला. तो अजून तिथेच आहे. मुलं कॉलेजात गेली.

इथे माझी खरी तक्रार आहे. हरकतीपर्यंत थांबलं की उशीरच होतो. प्रारूप छापलं म्हणजे आकडे जुळलेले असतात. त्यातली एक रेघ हलवली की दुसऱ्याची जमीन जाते आणि मग तो कोर्टात जातो. विचारायला हवं त्याच्या कितीतरी आधी. प्रत्येक आराखड्यापूर्वी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करावाच लागतो, तेही कायद्यातच आहे. त्यासाठी एजन्सीची माणसं येतात, ड्रोन येतो, घरोघर खुणा होतात. नेमक्या त्या महिन्यात गावातल्या प्रत्येक शाळेच्या हॉलमध्ये असा एक नकाशा अंथरला, तर खर्च चिकटपट्टीचा आणि खडूंचा. सर्व्हेवाल्यांना मैदान कुठे आहे हे मिळेलच, वर ते किती वाजता कुणाचं असतं हेही कळेल.

आणि थोडे पैसे. फार नाहीत. अमेरिकेत बॉस्टन शहराने २०१४ साली दहा लाख डॉलर बाजूला काढून ते कशावर खर्चायचे हे १२ ते २५ वयाच्या मुलामुलींच्या मतदानावर सोडलं. उद्यानाची दुरुस्ती, शाळांना संगणक, पदपथ अशी अगदी साधी कामं निवडून आली, कुणी रॉकेट मागितलं नाही. आपल्या पुण्यातही २००६ पासून नागरिकांनी प्रभागातली छोटी कामं सुचवायची आणि ती अंदाजपत्रकात घ्यायची ही पद्धत आहे, एका कामाला पाच लाखांची मर्यादा. त्यातला एखादा वाटा शाळांसाठी ठेवला तर कुठल्या कायद्यात बदल करायची गरज पडेल असं मला वाटत नाही. मुंबईत मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, प्रकल्पांमुळे उठवलेल्यांच्या त्या दाट वसाहतीत, 'युवा' या संस्थेसोबतच्या मुलांनी आपल्या मोकळ्या जागेचं काय करायचं यात भाग घेतला, तेव्हा त्यांच्याकडे ना जमीन होती ना मत. दर पावसाळ्यानंतर आमच्या गावात एक नवी स्वागत कमान उभी राहते. एका कमानीचे पैसे वर्षाला पोरांच्या हाती द्या आणि काय मागतात ते बघा, एवढंच माझं म्हणणं.

आराखड्याचं जे व्हायचं ते होईल. त्या खडूच्या नकाशाची एक प्रत मात्र सरांनी विद्युत विभागाच्या अभियंत्याकडे दिली होती, फक्त लाल गल्ल्यांची, वेळेसकट. त्याला आराखड्याशी देणंघेणं नव्हतं, बंद दिव्यांची यादी त्याला तशीही करायचीच होती. गोडाऊनमागच्या बोळात दोन दिवे लागले. क्लासच्या सरांनी मुलींसाठी बंद केलेली सातची बॅच परत सुरू केली आणि त्याच महिन्यापासून फी वाढवली.